जयरामचा कोयता आणि माझा तक्ता

२००१ सालच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, माझ्या धाकट्या भावाने बायकोवर, हंसावर, कोयता चालवला. डाव्या हातावर, कोपराच्या खाली. सतरा टाके पडले. आमच्या गिरीज गावात या गोष्टीच्या चार-पाच आवृत्त्या फिरतात. एकीत तो दारू प्यायलेला असतो, एकीत त्याला बाहेरची बाधा असते, आणि एकीत हंसाचं खरंच काहीतरी असतं. जयराम दारूला शिवत नव्हता. बाधाबिधा काही नव्हती. हंसाचं जे काही होतं ते त्या घराशी आणि वाडीशी होतं. खरं काय झालं ते मला माहीत आहे, कारण त्यातलं निम्मं मी केलं.

जयराम चोरघे. दीड एकराची वाडी, केळी आणि नारळ, कडेने थोडी भाजी. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी वसईच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, लग्न केलं नाही. वडिलांनी मला दोन खोल्या बांधून दिल्या, जयरामच्या घराला लागूनच, मध्ये फक्त विहीर. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून सरळ करून लिहिते.

त्याचं नाव होतं ते सुकेळ्यांसाठी. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या मचाणासारख्या मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची, ऊन उतरलं की रोज उचलून झाकायची. मधासारखा रंग आला की केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळून पुडकं बांधायचं. हे बांधणं सोपं नाही. सैल राहिलं तर सुकेळं दगड होतं, फार आवळलं तर बुरशी धरतं. जयरामच्या पुडक्याला पावसाळ्यापर्यंत काही होत नसे. दादरची गिऱ्हाइकं 'चोरघ्यांचं आहे का?' असं विचारून घ्यायची.

१९९६च्या हंगामात त्याचा उजवा अंगठा हलायला लागला. आधी आम्ही हसलो. मग पुडकी सुटायला लागली. एका सकाळी त्याने एकच पुडकं सात वेळा बांधलं, आठव्यांदा भिंतीवर फेकलं आणि मांडवाचा बांबू लाथेने मोडला. पुढचे सहा महिने तो बोललाच नाही म्हटलं तरी चालेल. चेहरा मेणासारखा. हसत नाही, रागावत नाही, जेवायला बोलावलं तर उठत नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचा. मी जवळ गेले की म्हणायचा, "ताई, एक धक्का दे ना."

"स्वतः उडी मार. मला कशाला त्रास?" मी म्हणायचे. असं बोलायला नको होतं, पण मला वाटायचं आळस करतोय. या रोगाचा निम्मा भार मनावरच येतो हे कुणाला ठाऊक होतं!

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मीच घेऊन गेले. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. डॉक्टर तरुण होती, चटपटीत. दिवसाला तीन पिवळ्या गोळ्या, आणि थरथरीसाठी पांढरी, अर्धी अर्धी दोनदा. तीन आठवड्यांत जयराम चालायला लागला. दीड महिन्यात त्याने मला शिवी दिली, तेव्हा हंसा आनंदाने रडली.

मी तक्ता केला. शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? फुलस्केप कागद, आडव्या-उभ्या रेघा. वेळ, गोळी, हाताची थरथर शून्य ते पाच, चालणं शून्य ते पाच. दर भेटीला तो मी डॉक्टरपुढे ठेवायचे आणि ती म्हणायची, "आजी, असा रुग्णाचा हिशेब मला कुणीच देत नाही." मी फुगायचे.

त्या तक्त्यात डोक्याचा रकाना नव्हता.

सुकेळ्यांचा हंगाम आला की जयराम सकाळीच विहिरीपलीकडून हाक मारायचा. "ताई, आज पुडकी बांधायची आहेत. अर्धी जास्त दे." मी द्यायचे. हात स्थिर राहायचा, तक्त्यात शून्य पडायचं. मग अर्धीची एक झाली. वाडीत वाढलेली माणसं आम्ही. केळ मान टाकते तेव्हा पाणी वाढवायचं, घड भरेना तेव्हा खत वाढवायचं, हेच आम्हाला ठाऊक. जास्त दिल्याने झाड चवताळलेलं कुणी पाहिलं होतं? औषधवाला डॉक्टरचा कागद पाहून मागू तेवढ्या गोळ्या द्यायचा. २०००च्या दिवाळीपर्यंत सहा पिवळ्या आणि तीन अख्ख्या पांढऱ्या झाल्या होत्या. डॉक्टरला मी खोटं बोलले नाही, फक्त हंगामातल्या वाढीव गोळ्या तक्त्यात लिहिल्या नाहीत. फरक काय, ते तुम्हीच सांगा.

पहिली खूण आम्ही खूण म्हणून ओळखलीच नाही. जयराम सकाळी सातला पुडकी बांधायला बसायचा आणि दुपारी दोनला तिथेच असायचा. बांधलेलं पुडकं सोडायचा, सुकेळी बाहेर काढायचा, लांबीप्रमाणे लावायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा सोडायचा. जेवायला उठवलं तर हात झटकायचा. आम्ही काय म्हणालो? "बघा, किती कामाला लागलाय!" मी स्वतः म्हणाले.

मग बॅप्टिस्ट. हा पलीकडच्या गावचा, साठीचा, केळीची पानं नेऊन मुंबईत विकणारा. वीस वर्षं तो आमच्या वाडीत येत होता. नोव्हेंबरात एका सकाळी तो पानं मोजत होता, हंसा त्याला बांधायला सोपट देत होती, आणि जयराम मांडवावरून उठून आला.

"पानं न्यायला येतोस की बायको न्यायला?"

बॅप्टिस्टला वाटलं थट्टा. "अरे जयराम, माझी एक मला रोज मारते, दुसरी घेऊन जाऊ कुठे?"

"हंसा, हा काल माळ्यावर होता. मी पाय पाहिले."

"अहो, काल तो आलाच नव्हता," हंसा म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत आहे तो कधी येतो ते!"

पायाशी नारळाच्या झावळीचा जाड दांडा पडला होता. जयरामने तो उचलून बॅप्टिस्टच्या कानावर घातला. कान वरून फाटला, शर्ट खांद्यापर्यंत लाल झाला. बॅप्टिस्ट खाली बसला आणि जयरामने आणखी तीन घातले, पाठीवर, मोजून, जसं चिंचेचं झाड झोडपावं तसे. मी आणि शेजारचा शत्रुघ्न धावलो. एवढं झाल्यावर बॅप्टिस्ट काय म्हणाला? "बाय, पोलीस नको. डोक्यावर ऊन चढलाय त्याच्या. पानी मार डोक्यावर." तो पुन्हा आमच्या वाडीत आला नाही, तक्रारही केली नाही. गावातल्या बायका पाणवठ्यावर हसल्या. "साठीत लोक सवत शोधतात, हा बायकोला यार शोधतोय."

हंसाच्या गालावर त्यानंतर निळं दिसलं. "मांडवावरून पडले," ती म्हणाली. मग ओठ फुटला. "पितळी लागली." मग दंडावर चार बोटं उठली, आणि ती पदर ओढून घेत म्हणाली, "ताई, तुम्हाला काय सगळं विचारायचंच असतं?" मग मी विचारलं नाही. आमच्याकडे नणंदेने भावजयीच्या अंगावरच्या खुणांबद्दल एकदा विचारायचं असतं. उत्तर मिळालं की कर्तव्य संपतं.

त्याच महिन्यात आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने तक्ता पाहिला, जयरामला चालवून पाहिलं आणि विचारलं, "बाकी काही त्रास? झोप, स्वभाव?"

हंसाने तोंड उघडलं. मी तिला उघडताना पाहिलं. आणि मी म्हटलं, "नाही, बाकी सगळं छान आहे."

घरातलं बाहेर सांगायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. जयराम खुर्चीत बसून माझ्याकडे बघून गोड हसला.

फेब्रुवारीतला तो सोमवार. मी ओट्यावर पेपर वाचत होते. वाडीतून खच्च असा आवाज आला. केळीच्या खोडातून कोयता गेला की असाच आवाज येतो, ओला. घड उतरवल्यावर खोड तोडतात, त्यात नवल काही नाही. पण लगेच दुसरा आला, मग तिसरा, मग थांबेचना. मी पेपर टाकून गेले.

जयराम तिसऱ्या ओळीत होता. अंगावर फक्त पंचा. चार वर्षांपूर्वी ज्याला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं तो एका घावात खोड आडवं करत होता. अर्धे भरलेले हिरवे घड मातीत पडले होते. खोडांतून पाणी वाहत होतं. केळीचा चीक छातीवर, हातांवर, तोंडावर उडाला होता, आणि जिथे वाळला तिथे काळाकुट्ट झाला होता.

"जयराम, काय करतोस?"

"एकेका केळीमागे एकेक उभा आहे, ताई. बुटके आहेत. तोडलं की पुढच्याच्या मागे जातात." आवाज अगदी शांत, शाळेतल्या मुलाने उत्तर सांगावं तसा. "तिने बोलावलेत सगळे."

"कुणीही नाहीये तिथे."

"तू पण त्यांच्यातलीच," तो म्हणाला आणि पुढचं खोड तोडलं.

मांडवाकडून हंसा धावत आली. ती घाबरलेली नव्हती, संतापलेली होती. वर्षाचं पीक पायाखाली जात होतं. "अहो, वेड लागलंय का? महिन्यात उतरले असते घड! टाका तो कोयता!"

तो वळला. "त्यांना वाचवायला आलीस?"

घाव मानेवर येत होता. तिने हात वर केला म्हणून तो हातावर बसला. मांस उघडं पडलं, आत पांढरं दिसलं, आणि क्षणभर रक्तच आलं नाही. मग आलं ते बोटांवरून धारेने. हंसा ओरडली नाही. ती फक्त "अगं आई" म्हणत मागे सरकली, चिकावरून घसरली आणि तोडलेल्या खोडांत आडवी पडली. जयरामने पुन्हा कोयता उचलला. तो घाव चुकला आणि तिच्या डोक्याशेजारच्या खोडात मुठीपर्यंत रुतला. तो दोन्ही हातांनी ओढायला लागला. निघत नव्हता.

केळीला टेकू म्हणून लावलेला बांबू मी उपसला आणि माझ्या भावाच्या गुडघ्यांवर घातला. दोनदा. दुसऱ्यांदा घालायची गरज नव्हती, तो पहिल्यातच कोसळला होता. तरी घातला.

तो चिखलात पडून रडायला लागला. "ताई, सगळे सुटले. तुझ्यामुळे सुटले."

शत्रुघ्नच्या रिक्षातून हंसाला नेलं. घरातून आणलेलं माझं जुनं लुगडं तिच्या हाताला गुंडाळलेलं, त्यातून रिक्षाच्या तळावर ठिबकत होतं. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "मितेशला सांगा, घरी जाऊ नकोस, ह्यांच्या हातात काही नाही ना ते आधी बघ."

मितेश, त्या दोघांचा मुलगा, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये बायको रीमासोबत राहतो. तो आला तेव्हा जयरामला शत्रुघ्नने आणि आणखी दोघांनी खाटेला बांधलं होतं. मितेशने बापाच्या गळ्याला हात घातला. "आत्या, बाजूला हो. आज एकदाचं संपवतो." मी आणि रीमाने त्याची बोटं एकेक करून सोडवली. जयरामच्या गळ्यावर ती आठवडाभर दिसत होती. माझ्या बांबूच्या खुणा त्याहून जास्त टिकल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर. या वेळी मी सगळं सांगितलं, गोळ्यांचे खरे आकडेही. तिने पेन खाली ठेवलं.

"कुणीतरी दिसणं, संशय, मारहाण, एकच काम तासन्‌तास करत बसणं. पार्किन्सन्समध्ये हे होतं, आणि एवढ्या गोळ्यांनी तर होणारच. पांढरी हळूहळू बंद करू, पिवळी कमी करू. डोकं ताळ्यावर येईल. शरीर मात्र आखडेल."

"हे तुम्ही आधी विचारलं का नाही?" मी चिडून म्हटलं.

तिने जुना कागद काढून वाचला. "नोव्हेंबर. 'इतर त्रास नाही.' पुढे कंसात लिहिलंय, 'सांगणारी: बहीण.'"

मी तक्ता दुमडून पिशवीत टाकला.

मी तशीच नायगावला गेले. हंसा रीमाच्या दिवाणावर बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. मी उत्साहाने सांगायला लागले. "हंसा, तो नव्हताच तो. गोळ्यांनी केलं सगळं. जयरामचा स्वभाव असा कुठे होता?"

"मग त्या वेळची गोळी कुठली होती, ताई?"

"कुठल्या वेळची?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. अवकाळी पाऊस आला, मांडवावरची सुकेळी भिजली, झाकायला मला उशीर झाला. झावळीच्या दांड्यानेच मारलं होतं. मितेश पोटात, सातवा महिना. मग चौथ्या वर्षी. मग तुमचे वडील गेले त्या साली. पुढे ह्यांनी थांबवलं, ते खरं. पण तेव्हा कंपवात नव्हता. विहिरीपलीकडे ऐकू येत नव्हतं का तुम्हाला?"

येत होतं. मी तेव्हा दिवा लावून पेपर तपासत होते. मी तिला खरं तेच सांगितलं. "येत होतं."

"मग आता तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. "तुमचा भाऊ आहे. मी मरायला परत येणार नाही."

मी त्याला सांभाळलं. सव्वा वर्ष. पांढरी बंद झाली, पिवळ्या दोनवर आल्या, संध्याकाळी डोकं शांत करणारी एक लहान गोळी. महिन्याभरात बुटके गेले. बॅप्टिस्टचा संशयही गेला. आणि जयरामचा पुन्हा ओंडका झाला. भात भरवायला पाऊण तास. लाळ. लघवीला न्यायला उठवलं की दारात पाय जमिनीला चिकटायचे; मागून ढकललं तर दोघं पडायचो. आणि राग पूर्ण गेला असं समजू नका. एकदा भरवताना त्याने माझी करंगळी दातांत धरली आणि सोडली नाही. डोळे माझ्या डोळ्यांत. भ्रमबिम काही नव्हता, निव्वळ चीड. मी त्याच्या थोबाडीत मारली तेव्हा सुटली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पट्टी पाहून विचारलं, "बाई, काय झालं?"

"दारात चेंगरलं," मी म्हटलं. तोंडून इतकं सहज निघून गेलं की दूध हातात धरून मी तशीच उभी राहिले.

२००२च्या मे महिन्यात जयरामने दोन गोष्टी मागितल्या. आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. एक, हंसा. दुसरी, गोळी वाढवा, मला चालायचंय. डॉक्टर म्हणाली, थोडी वाढवता येईल, पाच-पन्नास पावलं चालतील. पण ते दिसणं, तो संशय परत येणारच नाही अशी खात्री मी देणार नाही. घरातल्यांनी ठरवा.

मी नायगावला निरोप पाठवला. हंसा आली. ओट्यावर चढली नाही, अंगणातच खुर्ची टाकायला लावली, त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर. जयराम दारात खुर्चीला पाठ टेकून बसलेला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्या रोगात उगीचही येतं.

"ताईंनी सांगितलं," ती म्हणाली. "ऐका नीट. तुम्हाला चालायचं असेल तर गोळी वाढवून घ्या, माझं काही म्हणणं नाही. मग ताई आहेत, तुम्ही आहात. मी हवी असेन तर गोळी आहे तेवढीच राहील. तुम्ही खाटेवर, मी इथे निर्धास्त. दोन्ही मिळणार नाही."

"हंसा, अगं, माणसाला असं विचारतात का?" मला राहवलं नाही.

"मला कुणी काय विचारलं होतं, ताई?"

जयरामचे ओठ हलले. मी कान न्यायला लागले तर तिने हाताने थांबवलं. "त्यांनाच मोठ्याने म्हणू दे."

खूप वेळ लागला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, हनुवटी थरथरली. दोनदा नुसती हवा आली. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं, अंगणात तिलाही.

"नको गोळी."

चार दिवसांनी ती राहायला आली. सामान नंतर आलं; पहिल्यांदा ती सुतार घेऊन आली आणि आपल्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली, जाडजूड, लोखंडी. जयराम तेव्हा आपली कूससुद्धा स्वतः बदलू शकत नव्हता.

"आता कशाला गं ही?" मी विचारलं.

"आता तरी," ती म्हणाली, आणि सुताराला खालीही एक लावायला सांगितली.

जयराम २००५मध्ये न्यूमोनियाने गेला. तोवर ती त्याला भरवायची, अंघोळ घालायची, दुपारी शेजारी बसून वाडीत काय चाललंय ते सांगायची. कधीकधी तो हसल्यासारखं करायचा. मात्र जेवणं आटोपली की दोन्ही कड्या लागायच्या. रात्री त्याची कूस बदलायला विहीर ओलांडून मी जायचे, दोनदा. ते तिनेच ठरवून दिलं होतं.